सैल बांगड्या

ऐका, मधी कुणी बोलायचं न्हाई, सम्राट तू तर अजिबातच न्हाई, दुधाचा ग्लास तोंडाला लाव आणि गप बस. झालं काय, तर भिंतीवर एक हात आला आणि तो हात अव्वाचा, माझ्या आईचा, निघाला. बास, एवढंच झालं. कुणी मेलं न्हाई, कुणाचा अपघात न्हाई. आमच्या ऑफिसची ती लांबडी खोली, पडदे ओढलेले, पंखा कुरकुरतोय, पुण्यास्नं आलेल्या आमच्या संस्थेच्या प्रेरणा मॅडम पुढच्या खुर्चीत, मी त्यांच्या बरोब्बर मागं, आणि भिंतीवर माझ्याबरोबर काम करणाऱ्या झिशानची फिल्म. त्याच्या आधी माझी दाखवून झालती. माझी चांगली झालती रे, संगीत टाकलतं, पंचगंगेच्या घाटाचा वरनं घेतलेला शॉट टाकलता, शेवटाला हॉलभर बायका हात वर करून शपथ घेत्यात, मॅडमनी मान बी डोलवली. मग झिशानची लागली. संगीत न्हाई, निवेदन न्हाई, काय न्हाई. एक पायरी. पायरीवर बांगड्यांचं गाठोडं सोडलेलं. त्याची नानी अमीरबी, तिचं नुसतं मनगट दिसतंय, ती हात पुढं करत्या आणि म्हणत्या, “दे गं.” मग कडेनं दुसरा हात येतो. थांबतो. मागं जातो, परत येतो. मोकळा हात, मनगटावरची नुसती शीर दिसत्या. आणि करंगळी बाहेरच्या अंगाला वाकलेली. ती करंगळी आमच्या दुकानाच्या शटरमधी सापडलती, अप्पा गेल्याच्या वर्षी, अव्वा पहिल्यांदा एकटी शटर ओढायला गेलती तवा. मी बघतोय. अमीरबी पंजा आवळत्या, बोटं दाबत्या, हिरवी बांगडी सांध्यावरनं सरकत्या. “सैल हुतंय गं, एक नंबर मोठी घेतलीस,” अमीरबी म्हणत्या. आणि आवाज येतो, “सैलच दे.” आता काय सांगू, त्या आवाजानं मला रोज सकाळी उठवलंय. मग दुसरी बांगडी, तिसरी, आणि सगळ्या भरून झाल्यावर त्या हातानं जरा हलून बघितलं, किण्ण झालं, आणि ती हसली, आणि कॅमेऱ्यामागच्याला म्हणली, “बास की तम्मा, किती काढतोस.” तम्मा. मला म्हणत्या ती तम्मा. आमच्याकडं लाडक्या पोराला म्हणत्यात. मला म्हणत्या.

व्हय, व्हय, कळतंय मला, तुम्ही म्हणशीला मग चांगलंच झालं की. माझं कामच हाय ते. सम्राट गावभर सांगत फिरतोय, संग्या म्हंजे रिक्षावरचा भोंगा हाय, आणि पाहुण्यांनी विचारलं पोरगा काय करतोय, की अव्वा सांगत्या लोकास्नी शहाणं करायची नोकरी हाय. एमएसडब्ल्यू करून बाहेर पडलो तवा आजऱ्याच्या शाळांतनं हात धुवायचं नाटक करत फिरलो, मी जंतू हुतो, काळा झगा घालून, पोरं मला साबण फेकून मारायची. मग रक्तवाढीच्या गोळ्या, मग लसी, मग हे काम, की नवरा गेला म्हणून बाईच्या अंगावरनं कुंकू, बांगड्या, हळदीकुंकवाचं बोलावणं सगळं जे काढून घेत्यात ते थांबवायचं. ह्यात पोस्टर चालत न्हाई. प्रेरणा मॅडम पहिल्याच ट्रेनिंगला म्हणलत्या, “लोकांना कळत नाही असं नसतं रे. कळतं सगळं. कळणं आणि करणं ह्याच्या मध्ये काहीतरी आडवं पडलेलं असतं. तो अडथळा शोधा, तुमचं काम तेवढंच.” मला हे एवढं भारी वाटलतं की मी ते मोबाईलच्या तोंडावर लावून ठेवलतं. आणि झिशानला ह्या कामात आणला कुणी? मी. कुरुंदवाडात आम्ही एका बाकावर बसलेलो, तो मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसून हुता, मीच म्हणलं ये, तुला बोलायला जमतंय. तितंच चुकलं. त्याला बोलायला न्हाई, गप बसायला जमतंय. मी घसा फोडून समजावतो आणि बायका म्हणत्यात, व्हय साहेब, बरोबर हाय साहेब, च्या घ्या. तो जातो, भाकरी मोडतो, “चटणी कुणी केली वो?” एवढंच विचारतो आणि बाई पदर डोळ्याला लावून सासरची सगळी कहाणी सांगायला बसत्या. त्याच्या शर्टाला घडी पडत न्हाई. त्याची गाडी पहिल्या किकला सुरू हुत्या. ऑफिसातली मांजर बी त्याच्याच खुर्चीखाली झोपत्या, खोटं न्हाई. आता जिल्ह्याच्या टीमला एक प्रमुख नेमायचा हुता आणि आम्ही दोघंच हुतो, मी आणि तो. मॅडम म्हणलत्या, दोघांनी एकेक फिल्म करा, एका बाईत झालेला बदल दाखवा, तो टिकलाय का तेवढं बघू आणि मग नाव पक्कं करू. ती जागा माझी हुती गड्यानो. मी आधी आलतो, मी त्याला आणलतं, आणि अव्वाला मी सांगून ठेवलतं, पत्र आलं की कुरुंदवाडात जाऊन पेढं वाटायचं.

हसू नकोस रं. मला कशाचं लागलं ते तुला कळायचं न्हाई, तुझी आई कशी हाय, तिच्या बांगड्या गल्लीच्या टोकाला ऐकू येत्यात. आमची बी तशीच हुती. अप्पा हुते तवा अव्वा घरात कुठं हाय ते बघायला लागायचं न्हाई, ऐकायला यायचं. न्हाणीत असली की बांगड्या बादलीच्या कडीला लागायच्या, चुलीपाशी असली की भाकरीच्या थापेबरोबर, थप किण थप किण, आणि मी अभ्यासाचं सोंग करून मोबाईल बघत असलो की तिच्या आधी तिचा आवाज सोप्यात यायचा, मी मोबाईल पुस्तकात सारायचो. मग अप्पा गेले. माझी बारावी हुती. आतल्या खोलीत बायका, दार लोटलेलं, मी बाहेर विधीला आलेल्या जंगमस्वामींच्या पायापाशी बसलेला, आणि आतनं आवाज आला, बारीक, पाटावर कुणीतरी फुटाणे सांडावेत तसा. बांगडी फुटली म्हणत न्हाईत, वाढवली म्हणत्यात. कुठल्या तरी बाईनं आतनं सांगितलं, “वाढवल्या.” त्या दिवसापासनं अव्वा आवाज न करता यायला लागली. मागं वळावं तर उभी. मी दचकायचो. एकदोनदा वरडलो बी, “अगं काय मांजरासारखी येतीस!” आणि ती तशीच फिरून आत गेली, ते बी आवाज न करता. आणि अमीरबी, ही झिशानची नानी, ती आमच्या कुरुंदवाडच्या गल्लीत यायची, डोक्यावर गाठोडं, “बांगड्येऽऽ” करत कोपऱ्यापासनं वरडत यायची, आमचं दार आलं की गप व्हायची आणि दार मागं पडलं की परत वरडायची. आमच्या दाराएवढी शांतता. मी आणि झिशान कट्ट्यावर चिंचा खात बसलेलो असायचो, त्याला बी ती शांतता ऐकू जायची, पण मला वाटायचं ती माझ्या एकट्याच्या कानातली हाय. त्या पठ्ठ्यानं ती सांभाळून ठेवली आणि तिच्यावर फिल्म केली. म्हातारीला कुरुंदवाडास्नं एष्टीनं आणून कोल्हापूरच्या गल्ल्या फिरवल्या, आम्ही आता राहतो ते उत्तरेश्वर बी सोडलं न्हाई, आणि तिला एकच गोष्ट सांगितली, कुठलं दार वगळायचं न्हाई आणि कुठल्या हाताला काय विचारायचं न्हाई. ह्यात काय मोठं डोकं लागतंय सांगा? नानी त्याची, गाठोडं तिचं. दार वगळलं बी त्यांनीच, धरलं बी त्यांनीच, आणि टाळ्या बी त्यांनाच.

आणि मी काय हात बांधून बसलतो व्हय? संक्रांतीला मी महाद्वार रोडवरनं बांगड्या आणल्या, हिरव्या, सोनेरी ठिपक्यांच्या, दुकानदारानं विचारलं कुणाला, तर म्हणलं आईला, आणि छाती फुगली माझी. घरात आलो. अव्वा तीळ निवडत बसलेली. मी चटणीच्या बरणीला टेकवून मोबाईल उभा केला, उजेड बघितला, तिचं ताट जरा डावीकडं सारलं. “अव्वा, हात दे.” तिनं बांगड्या बघितल्या. खोटं न्हाई, तिचा हात निम्मा वर आलता. मग तिनं मोबाईल बघितला. “ते बंद कर आधी.” म्हणलं अगं नुसता हात घेतोय, तोंड न्हाई येत तुझं. “बंद कर म्हणलं न्हवं?” मग मी तिला समजावलं. तुम्हाला म्हाईत हाय मी कसा समजावतो. म्हणलं तू घातल्यास तर किती बायकास्नी धीर येईल, तुझा पोरगाच हे काम करतोय आणि त्याच्याच घरात असं असंल तर लोक काय म्हणतील, अगं ही तुझ्या एकटीची गोष्ट न्हाई. ती ऐकत हुती. सगळं ऐकलं. तिळातला एक खडा काढून बाजूला टाकला आणि म्हणली, “झालं बोलून? मग भाकरी खाऊन घे.” मला वाटलं तिला बांगड्या नको हायत. मी ऑफिसात जाऊन सांगितलं बी, लई खोल रुजलंय म्हणलं, माझ्या स्वतःच्या घरात तुटत न्हाई. मॅडम म्हणल्या, अरेरे. झिशान मांजराला बिस्कीट चारत बसलता. माझ्या त्या सोनेरी ठिपक्यांच्या अजून कपाटात हायत, कागदातनं बी बाहेर आल्या न्हाईत.

तर फिल्म संपली. दिवे लागले. मॅडम चष्मा काढून पुसायला लागल्या, आणि माझ्या फिल्मला काय त्यांनी चष्मा काढला न्हवता. मी टाळ्या वाजवतोय, सगळ्यांच्या मागनं थांबलो मी टाळ्या वाजवायचा. मॅडमनी विचारलं, “बाईंनी कॅमेऱ्याला हो म्हटलं? घरच्यांना माहिती आहे?” झिशान भिंतीकडं बघून बोलत हुता, माझ्याकडं त्याची नजर फिरंना. म्हणला, “बाई व्हय म्हणल्या मॅडम. चेहरा न्हाई, नाव न्हाई, आणि घरात पोरगा हाय त्याला सांगायचं न्हाई, एवढंच ठरलं. मी म्हणलं मावशी, चुकून पोराच्या बघण्यात आली तर? तर म्हणल्या, खुशाल बघू दे. त्याला काय माझा हात ओळखायचा न्हाई. तो बोलत असतोय.” सगळी खोली हसली. गुंडू, आमचा अकाउंटवाला, तो तर मांडी थापटून हसला, “काय बाई हाय!” मी बी हसलो. खरंच हसलो, दात दाखवून. मला वरडून सांगायचं हुतं, ओळखला! पहिल्या झटक्यात ओळखला, करंगळी यायच्या आधी ओळखला! पण सांगितलं असतं तर काय सिद्ध झालं असतं, की ती बाई माझी आई हाय आणि तिनं एवढ्या सगळ्या दुनियेत माझ्यापासनंच लपवलंय. मॅडम म्हणल्या, “छान. बांगड्या भरून महिना झाला ना? मग आता ज्यानं फिल्म केली त्यानं नाही जायचं, दुसऱ्यानं जाऊन बघायचं. संगमेश, झिशानच्या बाईंकडे तू जा. झिशान, त्याला पत्ता दे.”

पार्किंगमधी झिशान माझ्या गाडीपाशी उभा. किल्ली फिरवतोय बोटात. “संगू, मी मॅडमला सांगतो, दुसऱ्या कुणाला तरी लावा म्हणून.” म्हणलं कशाला, मला कुठं हात ओळखू येतोय. तो गप. त्याचं ते गप बसणं. “पत्ता पाठव की रीतसर,” मी म्हणलं, “काम हाय ते.” तो म्हणला, “खुळा हायस का?” म्हणलं पाठव. मग त्यानं पाठवलं, आणि माझ्या मोबाईलवर नकाशा उघडला आणि लाल टाचणी पडली, उत्तरेश्वर पेठ, आमची गल्ली, आमचा जिना. मी माझ्याच घरचा पत्ता त्याच्याकडनं घेतला. गाडीला किक मारली, लागली न्हाई. परत मारली. तिसऱ्यांदा त्यानं मारून दिली, आणि लागली, एका किकला, च्यायला.

घरात गेलो तवा दिवस मावळला न्हवता. अव्वा कोथिंबीर निवडत बसलेली. मी चप्पल काढायच्या आधी तिच्या हाताकडं बघितलं. मोकळे. दोन्ही हात मोकळे. कोथिंबिरीची माती लागलेले, शिरा वर आलेले, वाकडी करंगळी, आणि मनगटात काय न्हाई. आणि मला, हे बगा, कुणी तोंड वाकडं करायचं न्हाई, मला आनंद झाला. छातीत असा गार वारा शिरला. कॅमेरा गेला, बांगड्या गेल्या. टिकलं न्हाई. तम्मा म्हणून घेतलास न्हवं, आता बघ. माझ्या आईच्या रिकाम्या हाताकडं बघून मी मनात पेढं वाटत हुतो. “काय बघतोस?” ती म्हणली. “काय न्हाई.” “दमलास? च्या टाकू?” म्हणलं टाक. ती उठली, आवाज न करता आत गेली, आणि मी त्या आवाज नसण्याला कान लावून बसलो, की अजून न्हाई, अजून बी न्हाई. कपातला च्या बशीत सांडला तरी काय वाजलं न्हाई. मला एवढं बरं वाटलं, एवढं बरं वाटलं की माझीच मला शिसारी आली, पण बरं वाटायचं काय थांबंना.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेलो आणि चार्जर घरात राहिला. खरंच राहिलता, मुद्दाम न्हाई. दुपारी परत आलो, गाडी कोपऱ्यावरच लावली कारण गल्लीत मांडव घातलता, आणि जिना चढायला लागलो. निम्म्या जिन्यावर आलो आणि पाय थांबला. मी थांबवला न्हाई, तोच थांबला. वरनं आवाज येत हुता. थप किण. थप किण. थप किण थप किण. गड्यानो, ते मी आता कसं सांगू. बारावीच्या वर्षापासनं तो आवाज मी ऐकलेला न्हाई. जिन्यात खालच्या मजल्यावरच्या फोडणीचा वास, भिंतीचा गार ओलसर रंग हाताला लागलेला, आणि वरनं माझं लहानपण भाकरी थापत हुतं. मला वाटलं धावत वर जावं. आणि मला वाटलं इतंच पायरीवर बसावं, श्वास बी घेऊ नये. भाकरी परतताना एक लांब किण्ण येतो, तो आला. तव्यावर पाणी फिरवताना बारीक बारीक येत्यात, ते आले. ती कायतरी गुणगुणत बी हुती, कानडीत, तिच्या आईचं. मी दाराशी जाऊन उभा राहिलो, कडीवर हात ठेवला, आणि माझा फोन वाजला.

मोठ्यानं. तुम्हाला म्हाईत हाय माझी रिंगटोन, तुम्हीच शिव्या घालता. आत सगळं थांबलं. थाप थांबली, गाणं थांबलं. मग घाईघाईनं एक सर्रकन आवाज, सगळ्या बांगड्या एकदम उतरल्याचा, काचेवर काच, आणि डब्याचं झाकण. पत्र्याच्या डब्याचं, तांदळाच्या. सैलच दे. तवा कळलं मला, सैल का ते. अमीरबीला वाटलं म्हातारपणी हात आवळायला नको म्हणून, मॅडमला वाटलं बाई साधी हाय, आणि मला, मला काय वाटायचा प्रश्नच न्हवता. माझी चाहूल लागली की झटक्यात निघाव्यात म्हणून सैल. ती माझ्या येण्याचा नंबर घालून बसलती मनगटात. फोन वाजतच हुता. मॅडमचा.

“संगमेश, गेलास का त्या बाईंकडे?”

“दारातच हाय मॅडम.”

“मग? घालतायत का अजून?”

मी दोन पायऱ्या खाली आलो. “घालत्यात. पण घरात एक माणूस हाय, तो आला की काढून ठेवत्यात.”

“मला वाटलंच होतं. कोण? सासू?”

“पोरगा.”

“विरोध करतो?”

“न्हाई मॅडम,” मी म्हणलं, “लई पाठिंबा देतो.”

“मग अडथळा काय आहे?”

“तोच की.”

मॅडम हसल्या, त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. मग म्हणल्या, “हे बघ, मला पुण्याला गाडी पकडायचीय, नाव आज पक्कं करायचंय. बदल टिकलाय की नाही, एका शब्दात सांग.” आणि गड्यानो, न्हाई हा शब्द माझ्या तोंडात तयार हुता. उसाचा चोथा असतोय बघा, रस गेलेला, थुंकायचा नुसता. आणि तो खोटा बी न्हवता. पोरगा घरात असताना घालत न्हाईत, म्हंजे न्हाईच की. ती जागा माझी, पत्र माझं, झिशान परत माझ्या मागच्या खुर्चीत. कोण विचारणार हुतं? पण मला ते सर्रकन ऐकू आलतं रे. ती एवढी घाबरली कशाला? मी काय मारतोय का तिला? मी काय म्हणलो असतो, बांगड्या दिसल्या असत्या तर? आणि मला लख्ख दिसलं मी काय म्हणलो असतो. म्हणलो असतो, अव्वा, थांब, हलू नकोस, उजेड चांगला हाय.

“टिकलाय,” मी म्हणलं.

दार उघडलं. अव्वा उंबऱ्यात, पदर खोचलेला, कपाळाला घाम, दोन्ही हात कोपरापर्यंत पिठानं पांढरे. नुसता मनगटापाशी एक पट्टा तेवढा पिठाशिवाय. गोल, स्वच्छ, बांगड्यांच्या रुंदीचा. तिला म्हाईत न्हवता तो. “लवकर आलास तम्मा?” म्हणली. मी त्या पट्ट्याकडं बघत हुतो आणि मला बघायचं न्हवतं. “चार्जर इसरलतो.” “भाकरी वाढू गरम?” म्हणलं वाढ. तिनं वाढली. मी खाल्ली. बांगड्या तांदळात, माझ्या हातापासनं एवढ्यावर, आणि आम्ही दोघं मांडववाल्यांचं कुणाचं लग्न हाय ते बोलत बसलो.

झिशानला पत्र मिळालं. पेढं घेऊन आलता आमच्या घरी, अमीरबीला बी घेऊन. अव्वानं पेढा घेतला, हात मोकळा, कारण मी तितं बसलतो न्हवं. झिशाननं तिच्या मनगटाकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि त्याचं ते नेहमीचं केलं, गप बसला. अमीरबी मात्र बोलली, “बसव्वा, गं, तुझ्या त्या...” आणि अव्वानं तिच्या तोंडात पेढा कोंबला. दोघी अशा हसल्या. झिशान बी हसला. मला विनोद काय ते म्हाईत असून मला तो सांगितलेला न्हवता, आणि मी तितं माझ्याच घरात पाव्हण्यासारखा पेढा चघळत बसलो. जागेचं जाऊ द्या. जागा काय, पुढच्या वर्षी दुसरी निघंल. पण तो आला की ती काढत न्हाई. दुपारी येतो कधीकधी, मला शेजारच्या धोंडुबाईनं सांगितलं, चटणी-भाकरी खाऊन जातो. तो बसतो, ती भाकऱ्या थापत्या, आणि तो ते सगळं ऐकतो. फुकटात. त्याला तर त्याचं काय बी न्हाई, त्याच्या घरात बांगड्यांचं गाठोडंच हाय.

काय म्हणलास सम्राट? सांगून टाकू? अव्वा, मला म्हाईत हाय, घाल खुशाल? आलंय माझ्या तोंडापर्यंत, रोज येतंय. सांगितलं तर ती घालंल बी, माझ्यासमोर, मला बरं वाटावं म्हणून घालंल. मग त्या माझ्या हुतील रे. आणि माझ्या तर कपाटात पडल्याच हायत की, कागदात.

म्हणून आता मी कोपऱ्यावरनंच हॉर्न देतो. मांडव उठला तरी गाडी कोपऱ्यावरच लावतो, स्टँड सावकाश, हेल्मेट सावकाश, खालच्या पायरीवर एकदा खोकतो. तिला घाई व्हायला नको, काच हाय, घाईत वाढायची एखादी. वर जाईपर्यंत डब्याचं झाकण लागलेलं असतंय. ती म्हणत्या, आलास तम्मा? म्हणतो आलो. जावा तुम्ही, तुमच्या घरी वाट बघत असतील. मी अजून एक ग्लास दूध घेतो. भाकरीची वेळ हाय तिची, थापू दे जरा निवांत.